दर दहावी फाईल

"बाई, आधी त्यांचं घ्या. मला काय घाई न्हाई."

असं म्हणून ते खिडकीपासून दोन पावलं मागे सरायचे, फाईल काखेत धरायचे आणि मागच्या माणसाला हातानं पुढे बोलवायचे. मागे कुणी म्हातारा शेतकरी असो, नाहीतर दुसऱ्या एखाद्या इंजिनिअरचा माणूस असो, सगळ्यांशी सारखंच. नगरपालिकेच्या खिडकीपुढे आपणहून मागे सरणारा माणूस तुम्ही कधी पाहिला आहे का? मी सगळ्या नोकरीत तो एकच पाहिला.

सई, परवा तू फोनवर म्हणालीस, तिकडे परदेशात तुमच्या घरामागे लाकडी ओटा बांधला तर तो तपासायला सरकारी माणूस आला नाही, कुठल्याशा कंपनीचा आला. पाच मिनिटं उभा राहिला आणि सही करून गेला. "आजी, मग त्या कंपनीला कोण तपासतं?" असं तू विचारलंस. मी "सांगेन कधीतरी" म्हणून विषय बदलला. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहिते आहे. धाकट्या अमेयलाही वाचून दाखव. त्याचं मराठी अडखळतं.

त्यांचं नाव लिहीत नाही. गावाचंही लिहीत नाही, तुम्हाला ते माहीतच आहे. कागद कुणाच्याही हाती जातात, आणि त्यांना मुलंबाळं आहेत.

नव्वद सालानंतरची गोष्ट. तासगावकडचा द्राक्षांचा पैसा आमच्या गावात घरं शोधायला लागला. गावाबाहेरच्या मळ्यांचे प्लॉट पडले, तीन-तीन मजली इमारती उठू लागल्या. बांधकाम विभागात मी मोठी कारकून होते. जागेवर जाऊन पाहणी करायला ओव्हरसिअर दोन. त्यातले एक बदलून गेले. उरले ते म्हसवडचे, त्यांचा गुडघा दुखायचा. तेव्हा सभेनं ठराव केला की नकाशे तपासणं आणि पायाच्या खड्ड्याची पाहणी करणं ही कामं परवाना असलेल्या खाजगी इंजिनिअरांच्या कंपन्यांनी करावीत आणि त्यांचा दाखला नगरपालिकेनं मान्य करावा. मात्र दाखला दिल्यावर दोन दिवस खड्डा उघडा ठेवायचा, आणि दहातल्या एका जागी आपल्या ओव्हरसिअरनं जाऊन फेरतपासणी करायची. कंपन्यांवर नजर असावी, म्हणून.

ती दहातली एक कुठली, हे ठरवायचं काम मुख्याधिकाऱ्यांनी माझ्याकडे दिलं. "तुम्ही निवडलं की कुणी तोंड उघडणार नाही," ते म्हणाले.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. माझ्या कपाटात चादरी कुठल्या क्रमानं आहेत हे डोळे मिटून सांगता येतं. मी सोपा नियम केला. दर सोमवारी सकाळी आवक रजिस्टरच्या कोऱ्या पानावर पट्टी धरून आठवड्याचे नंबर आधीच लिहून ठेवायचे, आणि प्रत्येक दहाव्या नंबराभोवती लाल पेन्सिलीनं गोल करायचा. त्या नंबरावर ज्याची फाईल येईल त्याची फेरतपासणी. ओळख नाही, वशिला नाही. मला त्या रजिस्टरचा फार अभिमान होता. ते खिडकीतच उघडं असायचं, कारण आणणाऱ्याला त्यात सही करावी लागे.

त्या कंपन्यांमधली सगळ्यात चांगली खिडकीतून मागे सरणाऱ्या या इंजिनिअरांची, असं सगळे म्हणत. दोन खोल्यांचं ऑफिस, बाहेर निळी पाटी, हाताखाली तिघे. पण स्वतः ते कायम पायी किंवा खडखडणाऱ्या स्कूटरवर. चपलांना चिखल. पांढऱ्या शर्टाच्या खिशात दोरीचं भेंडोळं.

ते मूळचे पाटणकडचे. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते तरुण होते. घराची दगडी भिंत बाहेर पडली म्हणून आपण वाचलो, असं ते सांगायचे. सांगून झालं की आमच्या ऑफिसच्या भिंतीवर बोटानं टकटक करायचे.

"ही आत पडंल बगा, बाई. टेबल जरा इकडं घ्या."

मी हसले आणि दुसऱ्या दिवशी खरंच टेबल हलवून घेतलं. त्यांनी आणि हवालदारांनी मिळून ते उचललं. हवालदार म्हणजे आमच्या विभागाचे शिपाई. लष्करातून निवृत्त होऊन आलेले, ताठ, मिशा पिळलेल्या. खऱ्या नावानं त्यांना कुणी हाक मारत नसे.

एकदा बोलता बोलता मी म्हणाले, "मी रोज 'मुरूम लागला' असं रजिस्टरात लिहिते, पण मुरूम म्हणजे काय हे मी पाहिलेलं नाही. कॉलेजात मी इंग्रजी शिकले, तिथे तो नव्हता."

दुसऱ्याच दिवशी दुपारच्या सुट्टीत त्यांनी मला आणि हवालदारांना रिक्षात बसवलं आणि स्वतः स्कूटरवर पुढे निघाले. जागेवर पायाचे खड्डे खणलेले. एकात शिडी लावलेली. मी पदर खोचून उतरले. त्यांनी खालून हात दिला.

"आवं बाई," वरून एक गवंडी ओरडला, "आमाला कवा सायबांनी हात धरून उतरवलं न्हाई!"

"तू उडी मार की रं! तुझं काय मोडतंय?"

खड्ड्यात गारवा होता. डोक्याच्या वरपर्यंत काळी माती, आणि पायांशी पिवळट, दाणेदार थर.

"ही काळी लय लबाड," ते म्हणाले. "पावसाळ्यात फुगती, उन्हाळ्यात आकसती. हिच्यावर पाया ठेवला की घर श्वास घ्यायला लागतं. घरानं श्वास घेतला की संपलं. आता खाली हात लावा. खरखरीत हाय न्हवं? ह्यो मुरूम. ह्याच्यावर घर उभं ऱ्हातं." मग त्यांनी पहार उचलून खाली मारली. टण्ण असा आवाज आला. "काळ्या मातीत मारली तर आवाजच न्हाई. नुसती आत जाती."

मी नखांत पिवळी माती घेऊन ऑफिसात आले आणि संध्याकाळपर्यंत हात धुतले नाहीत. बावन्न वर्षांच्या बाईनं असं करावं का? पण मला पहिल्यांदाच वाटलं की आपण लिहितो ते खरं असतं.

द्राक्षांचा हंगाम संपला की ते बेदाण्यांची पिशवी आणायचे आणि सगळ्या टेबलांवर मूठ मूठ ठेवायचे. माझ्यापाशी आले की हात मागे घ्यायचे.

"बाईंना न्हाई. बाई नियमात हायत. हवालदार, बाईंची मूठ तुमी घ्या."

हवालदार दोन मुठी घ्यायचे आणि माझ्याकडे बघून खायचे.

अशाच एका दिवशी त्यांनी रजिस्टरवर बोट ठेवून विचारलं, "बाई, ही लाल गोलं कशापायी?"

मी सांगितलं. कौतुकानं सांगितलं. कुणालाही फायदा नाही, कुणालाही तोटा नाही, देवानं निवडल्यासारखं आहे, असंही म्हणाले. ते मान हलवत राहिले. "लय भारी केलंय," म्हणाले. "डोकं पायजे ह्याला."

म्हसवडचे ओव्हरसिअर कुरकुरे होते. फेरतपासणीहून लंगडत यायचे आणि खुर्चीत बसता बसता म्हणायचे, "ह्या माणसाचं मला कळंना, बाई. बाकीच्यांच्या खड्ड्यात काय ना काय निघतंय. खोली कमी, पाणी साचलेलं, कायतरी. ह्याचा खड्डा बगावा तर लगीनघरागत सारवून ठेवलेला. एक चूक न्हाई."

"चांगलं काम चांगलं म्हणायला तुमचा गुडघा का दुखतो?" मी विचारायची.

"व्हय व्हय. तुमचा लाडका हाय."

त्यांचा एकही दहावा खड्डा कधी नापास झाला नाही. त्यामुळे सभेनं त्यांचं नाव घेऊन कौतुक केलं, लोक त्यांच्याकडेच जाऊ लागले, आणि त्यांची फाईल आली की मीही दाखला दोनदा वाचणं सोडून दिलं.

हवालदारांनी फ्लॅट घ्यायचं ठरवलं तेव्हा ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. सावधान उभे राहावं तसे. लष्करातलं सगळं साठवलेलं एकाच ठिकाणी टाकायचं होतं. बायको गावाकडे उसाच्या रानात राबून थकलेली, तिला तळमजल्यावर दोन खोल्या आणि नळ हवा होता.

"बाई, तुमी म्हनाल तर घेतो. न्हाई म्हनाला तर न्हाई. बिल्डिंग बरी हाय का?"

मी रजिस्टर काढलं. पान उलटलं. दाखला याच इंजिनिअरांचा होता. मी रजिस्टर मिटलं आणि म्हणाले, "डोळे मिटून घ्या."

हे तीन शब्द मी तुम्हाला सांगणार नव्हते. पण सांगितले नाहीत तर पुढचं काही कळणार नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात हवालदार म्हणाले, "आवं बाई, दार लागंना झालंय. लाकूड फुगलं असंल."

"उन्हाळ्यात लाकूड फुगत नाही, हवालदार."

"मग?"

मग पाऊस आला आणि दार नीट लागायला लागलं. आम्ही दोघंही ते विसरलो. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी मला घरी बोलावलं. त्यांच्या बायकोनं कुंकू लावलं, पाट दिला, आणि मग मला आतल्या भिंतीपाशी नेलं. कोपऱ्यातून वर चढत गेलेली एक भेग होती. तिनं आपलं बोट तिच्यात घातलं. पेरापर्यंत आत गेलं.

"पावसात मिटती," ती म्हणाली. "उनात उघडती."

घर श्वास घेत होतं. मला ते कुणी शिकवलं होतं हे आठवलं आणि मी पाटावर बसले.

दोन दिवसांनी म्हसवडचे ओव्हरसिअर पहार आणि दोन मजूर घेऊन आले. कॉलमच्या कडेनं खड्डा खणला. पुरुषभर खाली गेल्यावर पायाचं काँक्रीट संपलं. त्याच्या खाली त्यांनी पहार मारली. आवाज आला नाही. नुसती आत गेली.

ओव्हरसिअरांनी माझ्याकडे बघितलं नाही. तेवढं त्यांचं मन मोठं होतं. दाखल्यावर लिहिलं होतं: 'मुरूम लागला. समाधानकारक.'

त्या शनिवारी ऑफिस सुटल्यावर मी मागची सगळी रजिस्टरं काढून बसले. इंजिनिअरांच्या सह्या शोधत गेले. फाईल कुठल्या नंबरावर आली, तेवढंच बघत होते. बाकीच्या कंपन्यांच्या फाईली लाल गोलावर येत होत्या, जशा याव्यात तशा, कशाही. यांच्या फार थोड्या येत होत्या. पण लाल गोलाच्या पुढच्याच नंबरावर यांच्या फाईली बघाव्यात तर रांगच. एकतीस. एकाहत्तर. पुढच्या रजिस्टरात पुन्हा एकतीस. गोलावर दुसऱ्या कुणाची तरी सही, आणि खाली लगेच यांची.

एवढा वेळ मला हिशेब कळत होता, माणूस कळत नव्हता. मग तो दिसला. खिडकीत उभा. फाईल काखेत. रजिस्टरावर नजर टाकून दोन पावलं मागे सरणारा, म्हाताऱ्या शेतकऱ्याला हातानं पुढे बोलवणारा. ज्या फाईलीची जागा त्यांनी खरोखर बघितलेली असे, तिच्या वेळी ते मागे सरत नसत. तेव्हा गोल त्यांच्या वाट्याला येऊ देत. ओव्हरसिअरांना सारवलेले खड्डे दिसायचे ते हेच.

त्यांची नम्रता म्हणून आम्ही जे घरीदारी सांगत होतो, ते नंबर मोजणं होतं. आणि मोजायला मीच शिकवलं होतं.

मी त्यांना निरोप पाठवला. ते आले. खुर्चीत बसले नाहीत. मी रजिस्टर त्यांच्यापुढे उघडं ठेवलं आणि एकतीस नंबरावर बोट ठेवलं. त्यांनी एकदा बघितलं आणि चष्मा काढून पुसायला लागले.

"किती जागा बघितल्या?" मी विचारलं.

"बाई, कामं किती वाढली... एका मानसानं किती खड्ड्यात उतरायचं? मानसं ठेवली तर ती शिकलेली न्हाईत."

"किती?"

"दहात चार. कवा पाच."

मी तो आकडा पेन्सिलीनं कागदावर टिपला.

"तुमी दहात एक बगत हुता, बाई," ते हळूच म्हणाले. "मी तुमच्यापेक्षा जास्तच बगत हुतो."

हे ते उद्धटपणे म्हणाले नाहीत. मला त्यांची बाजू पटावी, असं त्यांना खरंच वाटत होतं. आणि सई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर देताना मला अजून त्या वाक्याला ओलांडून पुढे जाता येत नाही.

"हवालदारांचं घर फाटलंय," मी म्हणाले.

"कुठलं?"

मी इमारतीचं नाव सांगितलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली. खरोखर आठवायचा प्रयत्न करत होते.

"ती कुठं आली म्हणायची?"

त्या इमारतीच्या दाखल्यावर त्यांची सही होती, आणि ती कुठल्या रस्त्याला आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. तेव्हा मला रडू यायला हवं होतं. मला त्यांच्या चपला दिसल्या. चिखल होताच. त्या दिवशीही ते कुठल्यातरी खऱ्या खड्ड्यातून आले होते.

मी अहवाल लिहिला. त्यात लाल गोलांचा नियम माझा, तो उघड्यावर ठेवण्याची चूक माझी, असंही लिहिलं. मुख्याधिकारी म्हणाले, "बाई, रिटायर व्हायला आलात. स्वतःचं नाव कशाला घालता?"

"कारण मी तिथे होते," मी म्हणाले.

इंजिनिअरांचा परवाना गेला. निळी पाटी उतरली. ते पाटणकडे परत गेले असं कुणी म्हणालं, कुणी म्हणालं साताऱ्यात जावयाकडे. मला भेटायला आले नाहीत, पत्रही नाही. हवालदारांची इमारत रिकामी करावी लागली. बिल्डर कोर्टात गेला आणि कोर्ट तुम्हाला माहीत आहे. हवालदार तालमीमागे एका भाड्याच्या खोलीत राहायला गेले. त्यांची बायको गावाकडे परतली, उसात.

मी हवालदारांची माफी मागितली. ते गोंधळून गेले.

"तुमी कशाला, बाई? तुमी काय खाली उतरून बगितलं हुतं?"

माझी बाजू घ्यायला म्हणून ते असं बोलले होते.

फेरतपासणीत नंतर त्या इंजिनिअरांची सगळीच कामं आली. मी ओव्हरसिअरांबरोबर जायची. काही ठिकाणी पहार वाजायची, काही ठिकाणी नाही. दाखल्यावरून ओळखता येत नसे. खऱ्याचं आणि खोट्याचं अक्षर तेच, वळण तेच, शब्दही तेच.

त्या यादीत आपलं घरही होतं. ज्या घरात तुम्ही उन्हाळ्यात पायऱ्यांवर बसून आंबे खाल्लेत, तेच. आपल्या पायाचा दाखला त्यांचाच होता, आणि नंबर दहावा नव्हता. तुमचे आजोबा म्हणाले, "इतकी वर्षं एक भेग नाही. कशाला खणतेस?" ओव्हरसिअर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की, बाई." पण लोकांच्या अंगणात खड्डे घेऊन माझं अंगण तसंच ठेवणं मला जमलं नसतं. आणि दुसरंही एक कारण होतं, ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. मला त्या माणसाबद्दल एकदा काय ते पक्कं कळायला हवं होतं.

रविवार होता. मजूर मिळाले नाहीत. हवालदार म्हणाले, "मी हाय की." सदरा काढून त्यांनी तुळशीमागच्या कोपऱ्यात खणायला घेतलं. मी वर उभी होते. काळी माती निघत गेली, निघत गेली. काळीच निघाली असती तर मी त्या माणसाला मनातल्या मनात एक शिवी देऊन मोकळी झाले असते.

खालून टण्ण असा आवाज आला.

हवालदारांनी पुन्हा मारली. पुन्हा वाजली. मग त्यांनी टेप लावून बघितली आणि मान वर केली. मिशांना माती लागली होती.

"नकाशात हाय त्याच्या हातभर खाली नेलाय पाया. लय जपून काम केलंय, बाई." त्यांच्या तोंडावर खरा आनंद होता. "बरं झालं. तुमचं घर चांगलं हाय."

माझ्या घरासाठी ते इंजिनिअर शिडी लावून उतरले होते, हातभर जास्तच उतरले होते. ज्याला मी डोळे मिटायला सांगितलं, त्याची गल्लीही त्यांनी पाहिली नव्हती. आणि तोच आता माझ्या खड्ड्यातून मला शाबासकी देत होता.

हवालदार वर आले. खड्डा त्यांनीच बुजवला, पायांनी दाबून जमीन सारखी केली, तुळशीला दोन तांबे पाणी घातलं आणि नळावर हातपाय धुतले. मी आत जाऊन चहा ठेवला. साखरेचा डबा उघडला आणि चमचा हातात तसाच राहिला. अठरा वर्षं रोज दोन वेळा त्यांनी मला चहा आणून दिला होता, आणि ते स्वतः साखर किती घेतात हे मला ठाऊक नव्हतं.

मी दारात जाऊन त्यांना विचारलं.